जळतो तो सांधा

'शॉर्टसर्किट' हा शब्द आपल्याकडे चौकशीला आरंभ करण्यासाठी कमी आणि ती आटोपती घेण्यासाठी अधिक वापरला जातो. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कारखान्याच्या आवारातच राहणाऱ्या कुटुंबासह आठ जण तीत दगावले. तेव्हाही पहिला अंदाज शॉर्टसर्किटचाच वर्तविण्यात आला होता. त्या आगीची मीमांसा येथे करावयाची नाही. पुढे ज्या तारांचा विचार करावयाचा आहे त्यांच्याशी तिचा संबंध जोडण्यास काही आधारही नाही. परंतु अशा प्रत्येक प्रसंगी जो एक शब्द उच्चारून सर्वजण निश्चिंत होतात, तो कितपत खरा असतो हे एकदा पाहणे अगत्याचे आहे.

शॉर्टसर्किट म्हणजे मध्ये कोणतेही उपकरण नसताना फेज आणि न्यूट्रल या दोन तारांचा एकमेकींशी झालेला स्पर्श. असा स्पर्श होताच प्रवाह एकदम उसळतो, आणि फ्यूज जागच्या जागी असेल, त्यात कोणी जाड तार घातलेली नसेल, तर तो वितळून वीज तोडतो. जुन्या घरातील आग मात्र पुष्कळदा याहून शांतपणे जन्माला येते. बोर्डाच्या आत स्क्रूखाली धरलेले तारेचे टोक किंचित सैल होते. प्रवाह नेहमीइतकाच वाहत राहतो. फ्यूजला तक्रार करण्याजोगे काही घडत नाही. तो एक सांधा मात्र दिवसेंदिवस तापत जातो. अखेर आवरण जळते, उघड्या तारा एकमेकींना भिडतात आणि तेव्हा शॉर्टसर्किट होते खरे. पण ते आगीचे कारण नसून परिणाम असतो. पंचनाम्यात नाव लागते ते त्याचेच.

असा सांधा तांब्याच्या तारेतही सैल होऊ शकतो. अॅल्युमिनियमच्या तारेत मात्र तो सैल होण्याचा संभव कितीतरी अधिक, आणि हाच येथे मुख्य प्रश्न आहे. सोलापूरच्या जुन्या पेठांत ज्या घरांचे विजेचे फिटिंग सत्तर-ऐंशीच्या दशकांत झाले व नंतर कधी मुळापासून बदलले गेले नाही, तेथे बोर्ड उघडला की आत पांढरी, मऊ, एकेरी तार दिसते. लाकडी बॅटन, त्यावर ठोकलेल्या पत्र्याच्या क्लिपा, माळवदाच्या तुळईवरून गेलेल्या दोन तारा आणि दाराशेजारी काळ्या बटनांचा लाकडी बोर्ड, हे चित्र साखर पेठेपासून भवानी पेठेपर्यंत कोणत्याही जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला नव्याने सांगावयास नको. गिरण्या बंद पडल्या, मागांची जागा बदलली, मुले पुण्याला गेली. खोली राहिली, भाडे राहिले आणि ती तारही राहिली.

ही तार आली कशी, याचा थोडा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. अन्यथा सारा दोष त्या काळच्या वायरमनच्या माथी मारला जाईल. साठच्या दशकात देशापाशी तांबे पुरेसे नव्हते आणि ते बाहेरून आणावयाचे तर परकी चलन नव्हते. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले, यावरून त्या वेळच्या ओढाताणीची कल्पना यावी. बॉक्साइट मात्र आपल्या भूमीत विपुल. कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या सड्यांवर ते आहे, आणि बेळगावचा अॅल्युमिनियम प्रकल्प उभा राहिला तो याच परिसरातील खनिजाच्या भरवशावर. १९६५ मध्ये केंद्र सरकारने 'भारत अॅल्युमिनियम कंपनी' स्थापन केली. १९७० मध्ये या धातूच्या किंमतीवर व वाटपावर सरकारी नियंत्रण आले आणि त्यात विद्युत-दर्जाच्या अॅल्युमिनियमला अग्रक्रम मिळाला. हे नियंत्रण १९८९ मध्ये उठले. खेडोपाडी वीज न्यावयाची होती, तारेची तूट होती आणि घरातील तार अॅल्युमिनियमची असावी हे ओघानेच आले. त्या परिस्थितीत हा निर्णय अयोग्य होता असे म्हणता येणार नाही. गावोगावच्या खांबांवरून आजही वीज वाहते ती पोलादाचा गाभा असलेल्या अॅल्युमिनियमच्या तारांतूनच, आणि ती निर्धोकपणे वाहते. धातू बदलला, हे चुकले नाही. धातू बदलताना जोडण्याची रीत बदलली नाही, हे चुकले.

तांब्याची तार ज्या बटनात, ज्या स्क्रूखाली, ज्या पद्धतीने बसविली जात होती, तशीच अॅल्युमिनियमची बसविण्यात आली. या दोन धातूंचे स्वभाव मात्र अगदी निराळे आहेत. अॅल्युमिनियम उघड्या हवेत आले की क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा एक अदृश्य थर चढतो. हा थर धातूला गंजण्यापासून वाचवितो, म्हणून भांड्यांना तो वरदान ठरतो. परंतु तो विजेचा दुर्वाहक असल्यामुळे सांध्यात तोच शाप ठरतो. दुसरे असे की हा धातू मऊ आहे. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो, पसरतो. आज घट्ट आवळलेला स्क्रू वर्षभराने आपोआप ढिला झालेला आढळतो. तिसरे, उष्णतेने अॅल्युमिनियम तांब्याच्या मानाने सुमारे एकतृतीयांश अधिक प्रसरण पावते आणि लोखंडी स्क्रूच्या मानाने तर जवळजवळ दुप्पट. दिवसा इस्त्री लावली, तार फुगली, स्क्रूला अडून दबली. रात्री थंड झाली, आकसली आणि दबलेल्या जागी पोकळी राहिली. हे हजार वेळा झाले की सांध्याचा सांधेपणा उरत नाही. शिवाय आवरण सोलताना चाकूचा ओरखडा तारेवर उमटला, तर ती एक-दोन वेळा वाकविताच त्या जागी तुटते. किंवा, याहून वाईट म्हणजे, अर्धवट तुटून तशीच चालू राहते.

तांबे आणि अॅल्युमिनियम एकमेकांना पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्याकडील रीत तर या सर्वांवर कडी करणारी आहे. दोन भिन्न धातू आणि मध्ये थोडा ओलावा एवढ्यावर एक लहानसा विद्युत्घट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजत जाते. ओलावा कोठून येतो, असे कोणी विचारील. सोलापुरात पाऊस बेताचाच. परंतु दिवाळीपूर्वी भिंतींना चुना देताना जो कुंचला बोर्डावरून बिनदिक्कत फिरतो, त्याचे पाणी बटनांच्या फटींतून आत उतरते, आणि चुन्याचे पाणी क्षारधर्मी असल्यामुळे ते अॅल्युमिनियमला स्वतंत्रपणे खाते. घर उजळण्याच्या हौसेने आपणच दरवर्षी आपल्या घरातील सांध्यांना हा डोस पाजत आलो आहोत.

या धोक्याची जाण येण्यासाठी अमेरिकेसारख्या संपन्न देशालाही किंमत मोजावी लागली. तेथे तांबे महागल्यामुळे १९६५ ते १९७३ या काळात सुमारे २० लाख घरांत अॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. २८ एप्रिल १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅम्प्टन बेज येथे एका घराला आग लागून दोन माणसे मेली. भिंतीवरील एका सॉकेटमधील अॅल्युमिनियमच्या तारेचा सदोष जोड हे त्या आगीचे कारण, असा निष्कर्ष अग्निशमन अधिकाऱ्यांनी काढला. त्यांनी 'शॉर्टसर्किट' असे लिहून कागद बंद केला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने करविलेल्या पाहणीत असे दिसले की १९७२ पूर्वीची अॅल्युमिनियमची तार असलेल्या घरात एखादा तरी सांधा आग लागण्याच्या स्थितीस पोचण्याचा संभव तांब्याच्या तारेच्या घराच्या ५५ पट आहे. आपल्या घरांची अशी मोजदाद केल्याचे ऐकिवात नाही. मात्र धातूचे गुणधर्म देशपरत्वे बदलत नाहीत, आणि सोलापूरचा उन्हाळा न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यापेक्षा सौम्य आहे असा दावा कोणी करणार नाही.

सांधा किती तापतो याचा हिशेब शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकाएवढाच सोपा आहे. सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राप्रमाणे त्या एका बिंदूत ५० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या तापलेल्या टोकाने कथील वितळवितो, त्याची शक्तीही साधारण एवढीच. ते तापलेले टोक लाकडी बोर्डाच्या आत, कोळिष्टकांच्या सोबतीला, रात्रभर ठेवून झोपण्यासारखाच हा प्रकार आहे. यात विजेचा दाब अवघा ५ व्होल्टने घटतो, म्हणून दिवा किंचित मंद झाल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला तर १० अँपिअर हा अगदी सभ्य प्रवाह वाटतो. नवी एमसीबी बसविली म्हणजे घर सुरक्षित झाले, ही सुशिक्षित घरांतही दृढ झालेली समजूत म्हणूनच फसवी आहे. एमसीबी तारेचे अतिभारापासून व शॉर्टसर्किटपासून रक्षण करते; आरसीसीबी माणसाला धक्क्यापासून वाचविते; सैल सांध्याची दखल या दोहोंपैकी कोणीही घेत नाही.

ज्या काळी ही तार घातली गेली, त्या काळी तिच्यावर दोन दिवे, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ एवढाच भार होता. अॅल्युमिनियमची विद्युत्वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणून तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार जे काम करते त्यासाठी अॅल्युमिनियमची अडीचची लागते. दिव्या-पंख्यांसाठी सर्रास वापरलेल्या दीडच्या अॅल्युमिनियम तारेने सुमारे १० अँपिअरपेक्षा अधिक ओझे वाहू नये. आज त्याच तारेवर सकाळी पाणी तापविण्याचा दीड हजार वॅटचा रॉड आणि हजार वॅटची इस्त्री एका वेळी लागली, तर हा आकडा ११ च्या घरात जातो. फ्रीज, टीव्ही आणि कूलर हे निराळेच. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या खोलीत तो त्याहून चढतो आणि तारेची वाहण्याची शक्ती त्या मानाने आणखी घटते. ज्या दिवसांत तार सर्वांत दुबळी, नेमके त्याच दिवसांत कूलर रात्रंदिवस चालू, असा हा योग आहे.

मग जुनी तार असलेल्या प्रत्येकाने आजच घर उकलावे काय? तसे नाही. शक्य असेल त्याने सर्व फिटिंग तांब्याचे करून घ्यावे, यासारखा दुसरा उपाय नाही. मात्र नवी तार घेताना ती खरोखर तांब्याची आहे ना, एवढे पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही बाजारात असते. टोक चाकूने खरवडले की आतला पांढरेपणा दिसतो. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह नसलेली तार स्वस्त म्हणून घेणे हे महागात पडणारे आहे. ज्याला इतका खर्च झेपत नाही त्याने निदान रॉड, गिझर, कूलर आणि इस्त्री यांच्यासाठी मीटरपासून तांब्याची स्वतंत्र लाइन घ्यावी आणि जुन्या तारेकडे दिवे व पंखे एवढेच ठेवावे. जुन्या तारेचे सांधे मात्र एकदा जाणकाराकडून उघडून घेतलेच पाहिजेत. काळवंडलेले टोक कापून टाकावयाचे, नवे टोक ओरखडा न येऊ देता सोलावयाचे, ऑक्साइड घासून त्यावर गंजरोधक मलम लावावयाचे आणि जेथे तांब्याशी गाठ आहे तेथे दोन्ही धातूंसाठी बनविलेला कनेक्टरच वापरावयाचा, असे हे काम आहे. ढिला दिसला की स्क्रू पुन्हा पुन्हा आवळीत राहणे हा उपाय नव्हे. त्याने मऊ तार अधिकच चेपते व तुटते. आणि हे काम घरच्या घरी, पेचकस हाती घेऊन करण्याचे नाही. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्याच्यापर्यंत येणारी तार जिवंतच असते, हे विसरल्याने हकनाक प्राण गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

घरातल्या माणसाने करावयाचे ते निराळे: लक्ष ठेवावयाचे. बटनाची पाटी हाताला कोमट लागणे, दिवा विनाकारण लुकलुकणे, बोर्डातून चरचर ऐकू येणे, प्लग काढताना त्याची पिन पोळणे, खोलीत जळक्या रबरासारखा किंवा खारवलेल्या मासळीसारखा वास येणे, ही सर्व त्या सांध्याचीच भाषा आहे. ज्यांच्या घरी तांब्याचे नवे फिटिंग आहे त्यांनीही एका जागी डोकावून पाहावे. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमचीच असते. दोन धातूंची गाठ मीटरपाशी पडते आणि तेथे काळा डाग दिसत असेल, तर तो महावितरणला तत्काळ कळवावयास हवा.

येथवरचा भाग ज्ञानाचा झाला. खरा पेच पुढे आहे आणि तो पैशाचा आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. मीटरच्या पुढची घरधन्याची. पण जुन्या पेठेतील भाड्याच्या खोलीत घरधनी कोण? मालक म्हणतो, वीज तुम्ही वापरता, मीटर तुमच्या नावावर आहे. भाडेकरू म्हणतो, भिंत तुमची, बॅटन तुमची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम १४ याबाबतीत भाडेकरूच्या बाजूचे आहे. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवणे हे मालकावर बंधनकारक आहे; पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने हयगय केली, तर भाडेकरूने दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा अशी मुभा आहे. मात्र एका वर्षात असा वळता खर्च वार्षिक भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक होता कामा नये. महिना ५० रुपये जुने भाडे धरले, तर ही रक्कम वर्षाला १५० रुपये होते. दीडशे रुपयांत आज एक बरा कनेक्टर आणि वायरमनचा चहा होईल. कायद्याने हक्क दिला आणि आकड्याने तो काढून घेतला, असा हा प्रकार आहे. दुसऱ्या बाजूने, अशा भाड्यावर मालकाने साऱ्या वाड्याच्या तारा बदलाव्यात ही अपेक्षाही न्यायाची म्हणता येणार नाही; अनेक मालक स्वतःच भाडेकरूंपेक्षा फारसे सुस्थितीत नाहीत. विजेच्या फिटिंगसारखी जीविताशी निगडित दुरुस्ती या मर्यादेतून वगळून तिचा बोजा दोघांत विभागण्याची तरतूद करणे, हा विधिमंडळाच्या एका दुपारचा विषय आहे. ती दुपार कोणाला सापडलेली नाही.

तपासणीची कथाही अशीच. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरातील विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे असे बजावले होते, आणि जोडलेल्या संचमांडणीची ठराविक मुदतीत, पाच वर्षांहून अधिक अंतर न पडू देता, तपासणी व्हावी असेही म्हटले होते. २००३ च्या वीज कायद्यानंतर या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व मग २०२३ च्या विनियमांनी घेतली. नियतकालिक तपासणीचे तत्त्व त्यांतही कायम आहे. परंतु साध्या घरगुती ग्राहकाच्या बाबतीत हे तत्त्व छापील कागदाबाहेर पडत नाही. नवी जोडणी घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट दिला जातो. त्यानंतर पन्नास वर्षे त्या बोर्डाकडे कोणी अधिकाराने पाहत नाही. दरवर्षी विद्युत सुरक्षा सप्ताह साजरा होतो, फलक लागतात, प्रभातफेरी निघते आणि शाळकरी मुले घोषणा देत त्याच वाड्यांवरून पुढे जातात.

यासाठी नवे खाते उघडण्याची आवश्यकता नाही. सोलापुरात विजापूर रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वीजतंत्री आणि तारतंत्री हे व्यवसाय शिकविणाऱ्या अशा संस्थांतील विद्यार्थी दुसऱ्या वर्षात आले की त्यांना प्रात्यक्षिकासाठी लाकडी फळीवर कृत्रिम जोडण्या करून दाखवाव्या लागतात. निदेशक आणि परवानाधारक पर्यवेक्षक यांच्या देखरेखीखाली त्यांचे गट पेठापेठांतून नेले, घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या संमतीने बोर्ड उघडून पाहिले आणि कोणत्या घरात कोणती तार आहे याची नोंद महापालिकेकडे राहिली, तर निदान प्रश्न किती मोठा आहे एवढे तरी कळेल. विद्यार्थ्यांनी दुरुस्ती करावी असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांनी पाहावे, लिहावे आणि घरच्या माणसाला दाखवावे. मालमत्ता कराच्या देयकासोबत इतके कागद येतात. त्यांत या तपासणीचा एक कागद अधिक आल्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

हे काम उन्हाळ्यात करून चालणार नाही. कूलर माळ्यावर आहे, पंखे बंद आहेत आणि अर्ध्या दिवसापुरती वीज तोडली तरी घरात कोणी कासावीस होत नाही, असे सोलापुरात वर्षाचे फार थोडे आठवडे असतात. ते संक्रांतीच्या आधीचे. दोन खोल्यांच्या घरात चार-पाच बोर्ड आणि एक मेन स्विच. जाणता वायरमन सकाळी आला तर दुपारच्या जेवणापर्यंत सर्व सांधे पाहून होतात.